चार महिने उभ्या गाडीचे

रविवारी सकाळी झाकण काढायचं, चोक ओढून इंजिन चालू करायचं, पाच-दहा मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायचं आणि पुन्हा झाकून टाकायचं: जुनी फियाट, अ‍ॅम्बॅसडर किंवा हेराल्ड जपणाऱ्या बऱ्याच घरांत पावसाळ्यातली गाडीची निगा म्हणजे एवढंच. त्यामागची माया खरी आहे. पण गाडीला त्यातून फायद्यापेक्षा तोटाच जास्त होतो, आणि आठवड्याला पाच मिनिटं चालवण्यापेक्षा ती चार महिने नीट तयारी करून बंद ठेवणं कितीतरी हिताचं आहे, असं माझं ठाम मत आहे. पूर्वी हा प्रश्न मोजक्या संग्राहकांपुरता होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी या रोजच्या वापरातल्या गाड्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, आणि आता उरल्यात त्या हौसेने सांभाळलेल्या. शिवाय केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद केली, तर ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे या गाड्यांचा बहुतेक काळ उभं राहण्यातच जाणार.

पाच मिनिटांनी काय बिघडतं हे कळायला पेट्रोलपासून सुरुवात करावी लागते. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, आणि हिशेब मांडला तर एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन पुरतं तापलेलं असलं की हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं. गार इंजिनात थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांपाशी निसटून खाली चेंबरमध्ये उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. बाहेर निघालेल्यापैकी बरीचशी सायलेन्सरच्या गार पत्र्यावर पाणी होऊन साचते. टेंपरेचरचा काटा मधोमध आला म्हणून फसू नये. तो रेडिएटरच्या पाण्याचं तापमान दाखवतो. ऑइल तापायला त्याहून पुष्कळ वेळ लागतो, आणि आयडलवर तर ते पुरतं तापतच नाही. खात्री करायची असेल तर ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूने पाहावं. अशा गाडीत तिथे फिकट पिवळसर, बोटाला बुळबुळीत लागणारा थर सापडतो. ऑइल आणि पाणी घुसळून तो तयार झालेला असतो. (हेड गॅस्केट गेलं असेल तरीही असा थर धरतो, पण तेव्हा रेडिएटरचं पाणीही कमी होत जातं.) सायलेन्सर आतून सडतो आणि भोक पडतं ते बहुधा सर्वांत खालच्या, पाणी साचणाऱ्या जागी. त्यात चोक ओढलेला असल्यामुळे जादा गेलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढतं. ज्या भिंती गंजू नयेत म्हणून इंजिन चालू केलं, त्याच कोरड्या पडतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मुंबईच्या टॅक्स्या भर पावसात पळत होत्या, त्यांच्या इंजिनांना काय झालं? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. टॅक्सी दिवसभर चालायची, ऑइल तासन्‌तास गरम राहायचं आणि आत जमलेलं पाणी रोजच्या रोज उडून जायचं. इंजिन टिकलं ते या उष्णतेमुळे. पत्रा मात्र त्यांचाही सडायचा. दुसरा आक्षेप असा की इंजिन फिरलं नाही तर सील सुकतात, आतल्या भागांवरचं ऑइल उतरून जातं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाडीबाबत हे खरं आहे. चार महिन्यांसाठी एवढं केलं तरी पुरतं: प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं, आणि महिन्याकाठी एकदा गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हात-दोन हात पुढेमागे ढकलायची. इंजिन फिरतं, पेट्रोल जळत नाही. तिसरी तक्रार बॅटरीची. ती बसून उतरते हे खरंच, पण स्टार्टरने ओढलेला करंट पाच मिनिटांच्या आयडलमध्ये भरून निघत नाही. डायनॅमो असलेल्या जुन्या गाड्यांत तर आयडलवर चार्जिंग जवळजवळ होतच नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेच सांगत असतो. म्हणून बॅटरी काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी आणि आपोआप थांबणाऱ्या चार्जरवर अधूनमधून भरावी. ज्यांना गाडी चालवल्याशिवाय राहवतच नाही, त्यांनी चार दिवस उघडीप पडून रस्ते वाळण्याची वाट पाहावी आणि मग सलग पंचवीस-तीस किलोमीटर न्यावी. ते माझ्या मते उत्तमच. अर्धवट काही करू नये.

ऋतुभर गाडी बंद ठेवण्याचा रिवाज युरोपात पक्का मुरलेला आहे. गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवून कर थांबवण्याची सोय इंग्लंडात १९९८ पासून आहे. जर्मनीत वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरत्याच चालणाऱ्या नंबरप्लेटा १९९७ पासून मिळतात. तिकडच्या सूचना वाचून आपल्याकडे अनेकांचा समज होतो की हा सगळा थंडीचा बंदोबस्त आहे, आपल्याला त्याचं काय? रेडिएटर गोठून फुटू नये एवढा भाग थंडीचा खरा. बाकीची बहुतेक खटपट ओलाव्याविरुद्ध आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाविरुद्ध आहे. १९३० च्या दशकात डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलं की धुरातले वायू मिसळलेल्या हवेत सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असली तर लोखंड अगदी सावकाश गंजतं; तिच्यावर गेली की वेग झपाट्याने वाढतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असते, आणि किनाऱ्यालगतच्या वाऱ्यात मीठ असतंच. मिठाचा थर हवेतलं पाणी ओढून घेऊन पत्रा ओला ठेवतो. तेव्हा तिकडची पद्धत घ्यावी आणि कॅलेंडर उलटं करावं: मृग लागायच्या आत गाडी बंद, दसऱ्याच्या सुमाराला बाहेर. आपला डिसेंबर-जानेवारी जुन्या गाडीला फिरवायला सर्वांत चांगला.

तयारीत सर्वांत आधी जागा. तळघरातलं पार्किंग कितीही कोरडं दिसलं तरी नको; २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. मग मे महिन्याच्या उन्हात गाडी खालून, मडगार्डच्या आतून धुवावी आणि दिवसभर वाळू द्यावी. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. काचेच्या रबरामधून आत उतरलेलं पाणी तिथून गळतं. माती आणि पाल्याने ती बुजली की दरवाजा आतून पाणी धरून ठेवतो आणि खालची कड फुगून रंग सुटतो. बारीक तार घालून ती एकेक मोकळी करावीत, शेवटी फडकं खाली धरून दरवाजात थोडं पाणी सोडून पाहावं. पायाखालच्या रबरी मॅट काढून टाकाव्यात. फरशीचा पत्रा त्यांच्याचखाली कुजतो. ऑइल बदलायचं ते बंद करण्याआधी, पावसाळा संपल्यावर नव्हे: वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि पाणी असतं, आणि ते चार महिने बेअरिंगांवर बसू देण्यात शहाणपण नाही. बदलल्यावर मात्र गाडी एकदा चांगली तापेपर्यंत चालवावी, म्हणजे नवं ऑइल सगळीकडे पोचतं.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडे अवघड झाला आहे. देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ मध्ये आलं आणि आता ते जवळजवळ सगळ्या पंपांवर आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि १९६०-७० च्या दशकांतले रबरी पाइप, वॉशर त्यासाठी बनवलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात. बदलणं हाच त्यावर इलाज. टाकी रिकामी ठेवावी की भरलेली, यावर जाणकारांत मतभेद आहेत. लोखंडी टाकी रिकामी असली तर आतल्या दमट हवेने ती गंजते, म्हणून चार महिन्यांसाठी ती काठोकाठ भरावी असं मला पटतं. कार्बोरेटरची वाटी मात्र रिकामीच हवी, कारण त्यात उडून गेलेल्या पेट्रोलचा मागे राहिलेला चिकटा जेटची बारीक छिद्रं बुजवतो.

हँडब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. क्लचचं पेडल फळी लावून दाबून ठेवलं तर प्लेट फ्लायव्हीलला धरत नाही; महिन्याकाठी गाडी ढकलताना मात्र ती फळी काढावी. ब्रेक ऑइलही ओलावा शोषतं आणि ते पाणी व्हील सिलिंडर आतून गंजवतं, तेव्हा दोन वर्षांनी तरी बदलायला हवं. टायरांत चार-पाच पौंड हवा जास्त भरावी. प्लॅस्टिकची ताडपत्री थेट गाडीवर कधीच टाकू नये, खालची वाफ तिथेच कोंडते. छपराखाली जाड सुती कापड पुरे, आणि खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात. उंदीर वायरिंगची वाट लावतात, म्हणून सायलेन्सरचं तोंड आणि एअर फिल्टरचा पाइप फडक्याने बंद करावा, आणि तसं केल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी.

दसऱ्याच्या आधी गाडी काढताना पहिल्यांदा ती फडकी, मग ब्रेक. पेडल दाबून ते घट्ट लागतं का, चाकांच्या आत ओल दिसते का, हे इंजिनला हात लावण्यापूर्वी पाहावं. नंतर प्लग न बसवता स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, म्हणजे सिलिंडरमधलं ऑइल बाहेर उडतं आणि ऑइल पंपाचा दाब वर चढतो. प्लग बसवून इंजिन चालू झालं की ते उभं गरम करत बसू नये. मिनिटाभरात गाडी हलकेच रस्त्याला लावावी आणि ऑइल तापेपर्यंत जास्त रेटू नये.