वळवाचा ढग आणि सायंकाळचा धोका

कोल्हापूर जिल्ह्यात चैत्र-वैशाखातील वळीव बहुधा दुपार कलल्यावरच येतो. दिवसभर तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढते. समुद्राकडून घाट ओलांडून आलेली दमट हवा तिला मिळते. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते व तिच्या बळावर ढग १०-१२ किलोमीटरपर्यंत, कधी त्याहूनही उंच वाढतो.

असे बहुतेक ढग तासाभरात ओसरतात. परंतु जमिनीलगत एका दिशेने आणि उंचावर निराळ्या दिशेने जोराचा वारा वाहत असेल, तर वर चढणारा झोत स्वतःभोवती फिरू लागतो. असा फिरता ढग दीर्घकाळ टिकतो व त्यात मोठ्या गारा पोसल्या जातात. मे महिन्यात आपल्याकडे उंचावरील वारे सहसा मंद असल्याने हा प्रकार विरळाच. तथापि फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपीट महाराष्ट्रातील शेतकरी विसरलेले नाहीत.

सकाळचा अंदाज जिल्ह्यापुरता असतो. ढग नेमका कोणत्या शिवारावर कोसळेल, हे त्यावरून समजत नाही. भारतीय हवामानशास्त्र विभाग पुढील तीन तासांसाठी निराळी सूचना देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप २० व ४० किलोमीटरच्या टप्प्यांतील विजांचा इशारा देते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दुपारी तीननंतर या सूचना पाहून वाड्यावस्त्यांवर कळवाव्यात. सकाळी एकदा फळ्यावर लिहून काम भागत नाही.

शेवटचा अर्धा तास मात्र शिवारातील माणसाच्याच हाती असतो. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला, तळ काळानिळा झाला आणि उकाड्यात अवचित गार वारा सुटला, की पाऊस काही मिनिटांवर आला असे समजावे. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. पुढची वीज आपल्याच रानात पडू शकते.

खरी अडचण ज्ञानाची नसून घाईची आहे. भुदरगड-राधानगरीकडे धूळवाफ पेरणीसाठी रान तयार करावयाचे असते. वळवाच्या ओलीवर मशागत साधते, आणि तोच वळीव डोक्यावर असताना एवढी चार तासे उरकू म्हणून औत चालूच राहते. अशा वेळी औत जागेवर सोडून पक्क्या घरात जावे. झाडाखाली किंवा उघड्या खोपीत थांबू नये, बैलही झाडाला बांधू नयेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याखेरीज रानात परतू नये.