पिंजऱ्यांतील पाखरांची निगा

पाखराची निगा म्हटली कीं नखें कापणें, पंख छाटणें, न्हाऊं घालणें अशीं कामें पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येतात. वास्तविक पाखराचा शृंगार पाखरूंच करीत असतें. त्याच्या शेपटीच्या मुळाशीं एक तैलग्रंथि असते. तिच्यांतील तेल चोंचीनें घेऊन तें दिवसांतून अनेक वेळां एकेक पीस विंचरतें, सरळ करितें व त्यावरील धूळ झाडतें. हें काम त्याला निर्वेधपणें करितां यावें अशी परिस्थिति राखणें, एवढेंच पाळणाऱ्याचें कर्तव्य. परंतु यवतमाळसारख्या उष्ण जिल्ह्यांत तें वाटतें तितकें सोपें नाहीं.

कोणतें पाखरूं पाळावें, हा पहिला प्रश्न. टिपेश्वर व पैनगंगा या अभयारण्यांच्या या जिल्ह्यांत कंठवाला पोपट झाडांच्या ढोलींत घर करितो. अशा ढोलींतून पिलें काढून तीं विकण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. परंतु १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वयें पोपट, साळुंकी, मुनिया इत्यादि देशी रानपाखरें धरणें, विकणें व बाळगणें हा गुन्हा आहे. ज्याच्या घरीं असा पोपट आधींपासून असेल त्यानें तो खिडकींतून सोडूनही देऊं नये. उडण्याची संवय गेलेला पोपट मांजराच्या नाहीं तर कावळ्यांच्या तावडींत सांपडतो. वन विभागास कळवून तो त्यांच्या स्वाधीन करणें हाच सरळ मार्ग होय.

घरांत ठेवण्याजोगा पक्षी म्हणजे बजरीगर. बाजारांत त्याला पुष्कळदां चुकीनें ‘लव्हबर्ड’ म्हणतात. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागांतील. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें १८४० सालीं तो जिवंत इंग्लंडांत नेला, आणि पुढें तो जगभर पिंजऱ्यांत निपजूं लागला.

कोरड्या मुलखांतील पक्षी म्हणून वऱ्हाडचें ऊन त्याला बाधणार नाहीं, असा समज होणें साहजिक आहे. पण तो घातक आहे. रानांतील बजरीगर दुपारीं झाडाच्या सावलींत निमूट बसतो व पाण्यासाठीं लांबवर उडत जातो. पिंजऱ्यांतल्याला या दोन्ही वाटा बंद असतात. पक्ष्यांना घर्मग्रंथि नसतात, म्हणजे त्यांना घाम येत नाहीं. बजरीगराच्या शरीराचें उष्णमान सुमारें ४१ अंश सेल्सिअस असतें. वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर गेला म्हणजे भोंवतालची हवाच शरीराहून अधिक तापते, आणि श्वासावाटें पाणी बाहेर टाकून अंग निववणें एवढाच उपाय त्याच्या हातीं उरतो. चोंच उघडी, पंख अंगापासून सुटे व श्वास जलद, हीं लक्षणें दिसतांच पिंजरा थंड जागीं न्यावा, साध्या पाण्याचा हलका शिडकावा करावा व पाणी समोर ठेवावें. बर्फाचें पाणी अंगावर ओतूं नये.

अशी पाळी येऊंच नये म्हणून उन्हाळ्यांत पिंजरा पश्चिमेच्या भिंतीपासून व टिनाच्या छपराखालून हलवावा. कूलर असलेल्या खोलींत तो ठेवण्यास हरकत नाहीं, मात्र वाऱ्याचा सरळ झोत त्यावर येऊं देऊं नये. पिण्याचें पाणी दिवसांतून दोनदां बदलावें. सकाळीं उथळ बशींत पाणी ठेवल्यास पाखरूं आपण होऊन न्हातें. सायंकाळीं न्हाऊं देऊं नये. निजण्यापूर्वीं पिसें वाळलीं पाहिजेत.

अन्नाच्या बाबतींत एक फसगत नेहमीं होते. बजरीगर राळा, बाजरी यांचे दाणे सोलून खातो व टरफलें वाटींतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते आणि खालीं पाखरूं उपाशी असतें. म्हणून रोज फुंकर घालून टरफलें उडवावीं व मगच वाटी पाहावी. दाण्यांबरोबर पालक, मेथी, कोथिंबीर द्यावी, पण ती नीट धुऊन. कपाशीवरील फवारणीच्या विषानें २०१७ सालीं याच जिल्ह्यांत माणसें दगावलीं. मग तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या जिवाची काय कथा! हाडांसाठीं चुना लागतो, तो समुद्रफेनाच्या तुकड्यांतून मिळतो, आणि तो कुरतडतांना चोंचही झिजते. मीठ, चहा, चॉकलेट व अ‍ॅव्होकॅडो हे पदार्थ मात्र वर्ज्य समजावे.

नखांचेंही असेंच. सर्वत्र सारख्या जाडीच्या गुळगुळीत दांडीवर तीं नीट झिजत नाहींत. तिच्या जागीं पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या लहानमोठ्या फांद्या बसवाव्या. तरीही नख वाढलेंच तर केवळ टोंक कापावें, कारण आंत रक्तवाहिनी असते. उडणें हाच पाखराचा व्यायाम असल्यामुळें पंख छाटूं नयेत. दारें-खिडक्या लावून व पंखा बंद करून त्याला खोलींत उडूं द्यावें.

स्वयंपाकघर हें मात्र पिंजऱ्याचें स्थान नव्हे. पक्ष्यांचीं फुप्फुसें हवेंतील विष फार लवकर शोषून घेतात. न चिकटणारा तवा रिकामाच अति तापला तर त्याची वाफ माणसाला फारशी जाणवत नाहीं, परंतु पाखरूं कांहीं मिनिटांत मरूं शकतें. डांसांच्या अगरबत्तीचा व धूपाचा धूरही दूरच ठेवावा.

आजारी पाखरूं आपला आजार लपवितें, कारण रानांत दुबळा दिसणारा जीव आधीं बळी पडतो. म्हणून त्याचें मौन हेंच पाळणाऱ्यानें वाचावयास शिकलें पाहिजे. भर दिवसा पिसें फुगवून बसणें, पिंजऱ्याच्या तळाशीं उतरणें, श्वासागणिक शेपटी हलणें, चोंचीभोंवतीं खवले धरणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास त्याच दिवशीं पशुवैद्याकडे जावें. विष्ठा कोरडी झाडूं नये, आधीं ओली करून पुसावी व हात धुवावे. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला होणाऱ्या ज्वराची मोठी सांथ १९२९-३० सालीं युरोप-अमेरिकेंत येऊन गेली आहे.

ही सारी निगा रोज पंधरा मिनिटांची आहे. परंतु ती रोजची आहे. मे महिन्यांत कुटुंब लग्नकार्यासाठीं परगांवीं जातें, शेजाऱ्यास किल्ली दिली जाते, आणि पाण्याची वाटी दुपारींच कोरडी पडते. तहानलेलें कुत्रें भुंकतें, गाय हंबरते; बजरीगर मात्र दांडीवर गप्प बसून राहतो. त्या चार दिवसांची व्यवस्था ज्याला आधीं लावतां येत नसेल, त्यानें पिंजरा विकत न घेतां अंगणांत पाण्याचें एक परळ ठेवावें. पाखरें तेथेंही येतातच.