घर : अनुग्रह की अधिकार?

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटे किल्लारी परिसराची भूमी हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे हैदराबादच्या मराठी माणसाला ते दुःख परक्या प्रांताचे वाटण्यासारखे नव्हते. ढिगारे उपसले गेले, अन्न-वस्त्रांचा ओघ आला. त्यानंतर जो प्रश्न उरला, तो आजही पूर्णपणे सुटलेला नाही. पडलेले घर पुन्हा उभारण्याची जबाबदारी कोणाची, आणि तिला कायद्याचा आधार किती?

किल्लारीने या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच वेळी पाहिली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशा घरांखाली माणसे गाडली गेली होती. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे जागतिक बँकेच्या कर्जातून आणि दात्यांच्या साहाय्याने नव्या जागी वसविण्यात आली. तेथे घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवर ठरला. सातबारा ज्याचा मोठा, त्याचे घर मोठे; भूमिहीनाच्या वाट्याला सर्वांत लहान. सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांमुळे जुने शेजार विस्कटले. इतर गावांत मात्र घरमालकाला हप्त्याहप्त्याने साहाय्य देऊन त्याच्याच देखरेखीखाली लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्यात आले. गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या आणि शासन व कुटुंब यांच्यातील दुवा झाल्या. पैसा आणि निर्णय घरच्यांच्या हाती राहिले, तर घर आपले वाटते, हा त्या कामाचा धडा होय. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातेत हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर अंगीकारली गेली.

पुढे २००५ साली संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्याच्या कलम ४६ ने तातडीचा प्रतिसाद, मदत व पुनर्वसन यांसाठी राष्ट्रीय निधीची तरतूद केली, तर कलम ४७ ने आपत्ती-सौम्यीकरणाच्या निधीची. कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी यांचे किमान मानदंड सांगितले आहेत. मात्र घराच्या नुकसानीसाठीच्या साहाय्याचा विषय कायद्यात येतो, तो जीवितहानीबद्दलच्या ‘सानुग्रह साहाय्या’च्या जोडीनेच. अनुग्रह हा देणाऱ्याच्या मर्जीचा भाग असतो. घेणाऱ्याला तो मागता येतो, पण त्यावर दावा सांगता येत नाही.

रक्कमही कायद्यात नाही. ती केंद्राच्या निकषांनी ठरते. २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घरास सपाट प्रदेशात १ लाख २० हजार व डोंगराळ प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये धरले होते. ज्याने स्वतः घर बांधले आहे, त्याला हा पैसा कुठवर पुरतो हे सांगावयास नको.

पंधराव्या वित्त आयोगाने एक महत्त्वाचे पाऊल उचलले. २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीकरिता १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस करताना त्यातील ३० टक्के हिस्सा पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीसाठी वेगळा राखण्यास त्याने सुचविले. परंतु आयोगाची शिफारस पाच वर्षांपुरती असते. २०२५ साली मूळ कायद्यात दुरुस्ती झाली. शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणे आली, पण घरबांधणीचा कायमस्वरूपी निधी त्यातही आला नाही.

यापुढील कायद्यात तीन गोष्टी असाव्यात असे वाटते. पहिली, पुनर्बांधणीचा निधी आपत्तीपूर्वीच उभा असावा, म्हणजे प्रत्येक वेळी नव्या घोषणेची वाट पाहावी लागणार नाही. दुसरी, साहाय्याचा आधार जमिनीचा उतारा नसून कुटुंबाची गरज असावी. भाडेकरू, भूमिहीन व एकाकी स्त्रिया यांचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा. तिसरी, शाळा, विहीर, देवळापुढचा पार यांचाही खर्च त्यात धरला जावा, कारण गाव केवळ घरांच्या बेरजेने होत नाही.

कोसळलेल्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाला आपण दयेचे पात्र मानतो की हक्काचा धनी, यावर त्या कायद्याची भाषा ठरेल. ती भाषा ठरविण्याचे काम आपत्ती येण्यापूर्वी, शांत काळातच करावयाचे असते.