रानाची ओळख (भाग ७) : एका अभयारण्यात न मावणारा कळप

मागच्या भागात ताडोबा झालं. वाघ आणि रानहत्ती एकाच रानात पाहायचे, तर गिरगाव-दादरची मंडळी बहुधा दक्षिणेची वाट धरतात. दादरहून म्हैसूरला थेट गाडी आहे. तिथून रस्त्याने बंदीपूर आणि त्याला लागूनच तमिळनाडूतलं मुदुमलाई. १९७३मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत आपल्या मेळघाटाबरोबर बंदीपूरही होतं.

इथल्या हत्तींविषयीची बरीच पक्की माहिती मुंबईतल्याच एका संस्थेने गोळा केली, हे मात्र लायन गेटसमोरच्या तिच्या कचेरीवरून रोज ये-जा करणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं. ती संस्था म्हणजे १८८३ची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. गिरगावात, खेतवाडीत वाढलेल्या सालिम अलींमुळे ती पक्ष्यांची संस्था म्हणून नावाजली, पण तिचं हत्तींवरचं कामही तितकंच मोलाचं आहे. १९८० आणि ९०च्या दशकांत जे. सी. डॅनियल यांच्या मार्गदर्शनाखाली संस्थेचे संशोधक मुदुमलाईत तळ ठोकून होते. बेळगावचे अजय देसाई त्यांतले एक.

काम जिकिरीचं. हत्तीला बंदुकीतून भुलीचं औषध द्यायचं, तो गुंगीत असेपर्यंत गळ्यात रेडिओ-प्रक्षेपक बसवलेला जाड पट्टा आवळायचा आणि वेळ न दवडता उतारा टोचायचा. मग महिनोन्‌महिने अँटेना हातात धरून टेकाडांवर उभं राहायचं. दोन वेगळ्या जागांवरून ‘टिक्-टिक्’ कुठल्या दिशेने सर्वांत ठळक येते ते टिपलं, की नकाशावर दोन रेषा जिथे छेदतील तिथे हत्ती!

त्यातून दिसलं ते असं, की हत्तिणी आणि पिल्लांच्या एका कळपाचा वावर ५०० चौरस किलोमीटरच्याही वर जातो. मुदुमलाईचा गाभा ३२१ चौरस किलोमीटरचा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची सगळी मुंबई जेमतेम ७०ची!

प्रौढ हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, आणि उन्हाळ्यात पाणवठे आटतात. म्हणून कळप मुदुमलाई, बंदीपूर, वायनाड असा फिरत राहतो. तीन राज्यांच्या सीमा त्याच्या खिजगणतीतही नसतात.

या वाटाच आज धोक्यात आहेत. पूर्व आणि पश्चिम घाट जोडणाऱ्या सिगूरच्या पठारावर पर्यटकांसाठीच रिसॉर्टं उभी राहिली, त्यांच्या कुंपणांनी हत्तींचे रस्ते अडले. ऑक्टोबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडू सरकारची हत्ती-मार्गाची अधिसूचना कायम केली. हा निकाल फार आधी यायला हवा होता. पुढच्याच महिन्यात देसाई गेले.

सफारीत एखादी हत्तीण कान फाकवून, डोकं उंचावून गाडीसमोर उभी राहिली, तर गप्प बसावं आणि चालकाला गाडी मागे घेऊ द्यावी. तिच्या पायांत पिल्लू असण्याचा संभव मोठा. वाघाची चाहूल लागली तरी कळप पिल्लांना असंच मध्ये घेतो. बंदीपुरातून जाणारा महामार्ग रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, तेव्हा प्रवास त्या हिशेबाने आखावा. आणि खोली ठरवताना भाड्याच्याही आधी विचारावं : ही जागा हत्तींच्या वाटेत तर नाही ना?