रिकाम्या रकान्याचा अर्थ

चेन्नईच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळ, तिरुवल्लूर जिल्ह्यात गुम्मिडिपूंडी हे गाव आहे. तेथे मोठी औद्योगिक वसाहत असून तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हवा-मापन केंद्रही आहे. हवेतील सूक्ष्म धूलिकणांची नोंद अशी केंद्रे रात्रंदिवस घेत असतात. संगणकात ती तक्त्याच्या रूपाने साठते : प्रत्येक तासाची एक ओळ, प्रत्येक प्रदूषकाचा एक स्तंभ.

परंतु यंत्रही कधी मुके होते. वीज जाते, दुरुस्ती निघते आणि त्या तासाचा रकाना रिकामा राहतो. तेथे शून्य लिहिले, तर हवेत धूळ मुळीच नव्हती असा अर्थ होईल. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतील हा भेद विसरल्यास काय घडते, ते पाहा.

समजा, एका दिवशी २० तास दर तासाला ६६ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी नोंद झाली व ४ तास यंत्र बंद होते. मिळालेल्या नोंदींची सरासरी ६६ येते. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या धूलिकणांची २४ तासांची मर्यादा ६० आहे. म्हणजे ती ओलांडली गेली. आता त्या चार रकान्यांत शून्य भरा. १,३२० ला २४ ने भागले जाते आणि सरासरी ५५ होते. कागदावर हवा मर्यादेत आली. वसाहतीतील माणसाच्या छातीत मात्र तीच धूळ जात राहिली.

शून्याऐवजी उणे ९९९ असा संकेतांक लिहिण्याचीही प्रथा आहे. तो तसाच राहिला, तर वरील सरासरी उणे १११.५ येईल. ही चूक त्या मानाने बरी, कारण ती निदान डोळ्यांत खुपते.

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात घडविलेल्या ‘आर’ या संगणकभाषेत अशा रकान्यासाठी ‘एनए’, म्हणजे ‘अनुपलब्ध’, हे स्वतंत्र चिन्ह आहे. उणे ९९९ असलेल्या ओळी निवडून केवळ तेथील मूल्याच्या जागी हे चिन्ह घालावयाचे असते. त्यानंतर सरासरी मागितली, तर उत्तरही ‘एनए’ येते. अनुपलब्ध मूल्ये वगळण्याची आज्ञा स्पष्टपणे द्यावी लागते. संगणकाचा हा हट्ट प्रथम त्रासदायक वाटतो, पण तो प्रामाणिकपणाचा आहे.

ओळी निवडतानाही असेच होते. ‘६० पेक्षा अधिक मूल्याच्या ओळी दे’ असे म्हटल्यावर रिकाम्या रकान्याचे उत्तर ‘होय’ नसते आणि ‘नाही’ही नसते. चौकटी कंसाने निवड केल्यास अशी ओळ कोरी होऊन निकालात येते. ‘सबसेट’ ही आज्ञा तिला गाळून टाकते. त्यामुळे मर्यादा ओलांडलेले तास मोजताना पहिल्या पद्धतीने त्यांची संख्या फुगू शकते.

किती नोंदी गहाळ झाल्या तरी चालतील, हे संगणक ठरवीत नाही. भारतीय वायू गुणवत्ता निर्देशांकासाठी २४ तासांपैकी किमान १६ तासांच्या नोंदी आवश्यक मानल्या आहेत.

बदल करताना मूळ स्तंभ जपून ठेवावा व सुधारित मूल्ये नव्या स्तंभात लिहावीत. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर विरळ झाल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या ‘निम्बस-७’ उपग्रहाच्या नोंदींतही ते अतिशय कमी आकडे होते; त्यांच्यावर संगणकाने ‘शंकास्पद’ अशी खूण केली होती. आकडे पुसले गेले नव्हते, म्हणूनच ते पुन्हा तपासून त्या विवराचा विस्तार नकाशावर दाखविता आला.