छायाचित्राची साक्ष : अमेरिकेतील घरांच्या मूल्यमापनात अंतर्भागाचे चित्रण

घर तारण घेऊन कर्ज देणारी संस्था ते घर स्वतः क्वचितच पाहते. अमेरिकेत तर हे अंतर आणखी वाढलेले आहे. तेथे कर्ज देणारी संस्था ते कर्ज पुष्कळदा पुढे विकून टाकते, आणि १९३८ साली स्थापन झालेली फॅनी मे व १९७० साली स्थापन झालेली फ्रेडी मॅक या संस्था अशी कर्जे विकत घेतात. त्यांच्या अधिकाऱ्यांपुढे घर येते ते कागदावर. त्या कागदाचा कर्ता मूल्यमापक होय. घरात शिरून पाहणे व जे पाहिले ते लिहिणे हे परंपरेने त्याचे काम. त्याच्या अहवालास जोडलेली स्वयंपाकघराची, स्नानगृहाची व बैठकीच्या खोलीची छायाचित्रे वरकरणी किरकोळ वाटतात. वस्तुतः मूल्यमापकाच्या शब्दांची परीक्षा करण्याचे जे थोडे साधन दूरच्या वाचकाच्या हाती असते, त्यात या छायाचित्रांचे स्थान महत्त्वाचे आहे.

या छायाचित्रांचे प्रयोजन समजण्यासाठी अहवालातील एका विशिष्ट नोंदीकडे पाहिले पाहिजे. १ सप्टेंबर २०११ पासून या दोन्ही संस्थांनी अहवालातील माहितीचा एकसारखा नमुना लागू केला. त्यात घराच्या स्थितीची सहा श्रेणींत वर्गवारी आहे. सी-१ म्हणजे नुकतेच बांधलेले व कोणीही न राहिलेले घर. सी-३ म्हणजे नीट राखलेले, परंतु वापरामुळे मर्यादित झीज झालेले. सी-४ मध्ये किरकोळ दुरुस्त्या तुंबलेल्या असतात, सी-५ मध्ये त्या उघड दिसतात; आणि सी-६ म्हणजे घराच्या सुरक्षिततेस वा मजबुतीस बाध येईल इतकी हानी झालेले घर. या शेवटच्या श्रेणीतील घरावरचे कर्ज दुरुस्ती झाल्यावाचून फॅनी मे स्वीकारीत नाही. ही श्रेणी शेजारच्या घरांशी तुलना करून द्यावयाची नसते, ती त्या घराच्या स्वतःच्या अवस्थेवरून ठरते. याच नमुन्यात स्वयंपाकघर व स्नानगृहे मागील पंधरा वर्षांत सुधारली आहेत काय, आणि सुधारली असल्यास केव्हा, हेही सांगावे लागे. म्हणजे ज्या विधानांवर कर्जाचे भवितव्य अवलंबून, ती विधाने नेमकी अंतर्भागाविषयीची होती.

छायाचित्रांची किमान यादी या विधानांतूनच निघालेली दिसते. फॅनी मे ज्या अंतर्भागाच्या चित्रांची अपेक्षा करते, त्यांत स्वयंपाकघर, सर्व स्नानगृहे, मुख्य बैठकीची जागा, झीज वा मोडतोड झाली असल्यास तिचे नमुने, आणि अलीकडे केलेल्या सुधारणांचे नमुने येतात. गृहकर्जांना विमासंरक्षण देणारी संघीय गृहनिर्माण प्रशासन ही सरकारी संस्था १९३४ सालची. २०१५ मध्ये अंमलात आलेल्या तिच्या हस्तपुस्तिकेने यापुढे जाऊन शयनगृहे, तळघर, माळा आणि जमिनीखालील वाकून शिरता येईल अशी पोकळी यांचीही चित्रे मागितली. स्वयंपाकघर व स्नानगृह यांवर इतका भर का, याचे उत्तर अर्थशास्त्रीय आहे. या खोल्यांत पाणी, वीज व बसविलेली साधने एकवटलेली असतात. झीज तेथे लवकर होते, आणि नूतनीकरणाचा खर्चही तेथेच अधिक येतो.

तथापि छायाचित्र काय सिद्ध करू शकते आणि काय करू शकत नाही, याचा विवेक राखणे अवश्य आहे. छतावरील ओलीचा डाग चित्रात दिसतो. ती ओल जुन्या, आता बंद झालेल्या गळतीची की चालू गळतीची, हे दिसत नाही. १९७८ पूर्वीच्या घरातील सुटलेले रंगाचे पापुद्रे दिसतात. त्यांत शिसे आहे किंवा नाही हे तपासणीनेच कळते. म्हणून चित्र हे विधानाची जागा घेत नाही, विधानास आधार देते. डागाचे चित्र जोडून मजकुरात त्याचा उल्लेख न करणे, किंवा मजकुरात ‘स्थिती चांगली’ असे लिहून मोडके कपाट चौकटीबाहेर ठेवणे, हे दोन्ही दोष एकाच जातीचे होत. व्यवसायाच्या राष्ट्रीय आचारमानकांनी दिशाभूल करणारा अहवाल निषिद्ध मानला आहे. ही दिशाभूल शब्दांनी होते तशीच चौकटीच्या निवडीनेही होते. कामाची नोंदवही किमान पाच वर्षे जपून ठेवावी, असेही ही मानके सांगतात. त्यामुळे अहवालात न घेतलेली चित्रेही नोंदवहीत ठेवल्यास पुढे वाद उद्भवला असता ती उपयोगी पडतात.

एक अडचण मात्र या यादीने सुटत नाही. घराची किंमत मुख्यतः अलीकडे विकल्या गेलेल्या तत्सम घरांशी तुलना करून ठरते. परंतु त्या तुलनीय घरांच्या आत मूल्यमापक सहसा जात नाही; त्यांचा अंतर्भाग त्याला विक्रीच्या जाहिरातीतील चित्रांवरून जाणून घ्यावा लागतो. ती चित्रे ग्राहकाला आकर्षित करण्यासाठी काढलेली असतात. खोली मोठी भासविणारे भिंग, भरपूर प्रकाश, भाड्याने आणलेले सामान असा सारा थाट त्यांत असतो. उलट मूल्यांकित घराचे चित्र राहत्या संसाराचे, सामानाने भरलेले आणि साध्या प्रकाशातले असते. ही दोन चित्रे समोरासमोर ठेवली की एका घराला नकळत न्यून येते. सावध मूल्यमापक या ठिकाणी सामान व प्रकाश वजा करून ओटा, फरशी, नळ, खिडक्या अशा स्थावर अंगांकडेच पाहतो आणि दोन्ही घरांना एकच श्रेणीमाप लावतो.

याहून गंभीर प्रश्न चित्रात येणाऱ्या माणसांचा आहे. भिंतीवरील कुटुंबाची छायाचित्रे, देवाधर्माच्या वस्तू, पुस्तके यांवरून रहिवाशाचा वंश, धर्म वा मूळ देश सहज कळतो. १९६८ चा न्याय्य गृहनिवास कायदा आणि १९७४ चा समान पतसंधी कायदा यांनी अशा आधारांवर भेद करण्यास मनाई केली आहे. तरीही अलीकडच्या वर्षांत अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी असे सांगितले की, भिंतीवरील आपली छायाचित्रे काढून घेतल्यावर त्याच घराची किंमत दुसऱ्या मूल्यमापनात पुष्कळ वाढली. यांतील काही प्रकरणे न्यायालयात गेली. जून २०२१ मध्ये मूल्यमापनातील विषमतेचा विचार करण्यासाठी संघीय सरकारने आंतरविभागीय कार्यदल नेमले आणि मार्च २०२२ मध्ये त्याची कृतियोजना प्रसिद्ध झाली. छायाचित्रकाराच्या दृष्टीने यातून निघणारी शिस्त साधी आहे. आत शिरण्यापूर्वी चित्रांचे प्रयोजन रहिवाशास सांगावे; माणसे, मुले, औषधे, खाजगी कागदपत्रे व कुटुंबाची चित्रे शक्य तितकी चौकटीबाहेर ठेवावीत; आणि एखाद्या खोलीचे चित्र घेऊ दिले नाही, तर ते अहवालात नमूद करून काम देणाऱ्या संस्थेस कळवावे. मूल्य घराचे ठरवावयाचे आहे, रहिवाशाचे नव्हे.

२०२० च्या महामारीत घरात न जाता मूल्यमापन करण्याची सवलत देण्यात आली, आणि २०२२ मध्ये काही कर्जांपुरती ती पद्धत कायम झाली. अशा कामात मूल्यमापक दुसऱ्याने पुरविलेल्या माहितीवर विसंबतो. पूर्वी चित्र हे त्याच्या डोळ्यांनी पाहिलेल्याचे प्रमाण होते. येथे तेच त्याचे डोळे बनते. आणि चौकट दुसऱ्याने निवडलेली असल्याने काय वगळले गेले हे त्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. फॅनी मे व फ्रेडी मॅक यांनी तयार केलेल्या नव्या अहवालात छायाचित्रे संबंधित मजकुराच्या जवळ येतात, आणि तो सक्तीचा होण्यासाठी २ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. विधान व चित्र शेजारी आल्याने त्यांतील विसंगती वाचकास लवकर दिसेल, हा या रचनेचा लाभ होय. परंतु चौकटीत काय घ्यावे, काय गाळावे आणि जे गाळले त्याविषयी काय लिहावे, हा निर्णय नमुना घेऊ शकत नाही. तो मूल्यमापकाच्या व्यावसायिक सचोटीचा भाग आहे, आणि दूरवरच्या वाचकाचा विश्वास अखेर तिच्यावरच उभा राहतो.