जुनी जीप पुन्हा उभी करताना

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात चिखल, ओढे आणि रानवाटा तुडवणारी जुनी गाडी म्हटली की डोळ्यांसमोर जीपच उभी राहते. कुणाच्या गोठ्यामागे, कुणाच्या शेतातील पत्र्याच्या छपराखाली ती वर्षानुवर्षे विसावलेली असते. ती स्वतःच्या हातांनी चालती करावी, असे घरातील एखाद्या तरुणाच्या मनात येते. ही इच्छा स्वागतार्ह आहे. कारण यंत्र उघडून समजून घेण्याने जे शिक्षण होते, ते केवळ पाठांतराने होत नाही. परंतु कामाचा क्रम चुकला, तर पैसा रंगावर आणि दिव्यांवर खर्च होतो व धोका आहे तसाच राहतो. अशा गाडीत उद्या दहा माणसे बसून घाट उतरणार असतात. म्हणून प्रस्तुत लेखात तो क्रम आणि त्यामागील कारणे मांडली आहेत.

जीपची घडण

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. युद्धानंतर नागरी वापरासाठी त्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. आपल्याकडे महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे ‘सीजे ३बी’ हे प्रारूप भारतात दीर्घकाळ बनत राहिले. त्याचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे. पेट्रोल व हवा आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे वॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. इंजिन उंच झाल्यामुळे बॉनेटही उंच करावे लागले. या जीपची ओळख त्या उंच बॉनेटवरूनच पटते.

ही गाडी घरच्या दुरुस्तीस अनुकूल आहे. तिचा सांगाडा आणि वरचा पत्रा वेगवेगळे आहेत, पत्रे बहुतांशी सपाट आहेत, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे नाहीत आणि बहुतेक बोल्टपर्यंत साधा पाना पोहोचतो. तरीही सोपी गाडी म्हणजे निर्धोक गाडी नव्हे.

पाना हाती घेण्यापूर्वी

पहिले साधन वही आणि पेन्सिल. गाडी धुवून, तिच्याभोवती व तिच्याखाली फिरून जे दिसते ते लिहून काढावे: कुठे तेल गळते, कोणते रबर फुटले आहे, कोणता पाटा मोडला आहे. सांगाड्यावर लहान हातोडीने टकटक करावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते; गंजाने पोखरलेले बद्द वाजते. पाट्यांचे आधार जिथे सांगाड्याला जोडलेले असतात, त्या जागा विशेष तपासाव्यात, कारण चिखल तिथेच साचतो. सुटे केलेले बोल्ट डब्यांत घालून वर चिठ्ठी लावावी. तारा व नळ्या सोडवण्यापूर्वी छायाचित्र काढावे.

त्याच वेळी कागदपत्रेही पाहावीत. अनेक जुन्या जीपमधील पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले गेले आहे. नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक व इंधनाचा प्रकार प्रत्यक्ष गाडीशी जुळत नसेल, तर महिनोन्महिन्यांची मेहनत घरातच अडकून पडते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते व त्यानंतर दर पाच वर्षांनी. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून चौकशी आधी करावी आणि खर्च नंतर.

गाडी उचलताना

या जुन्या जीपचा हँडब्रेक मागील चाकांवर काम करीत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असतो आणि तो मागील प्रोपेलर शाफ्टला अडवतो. त्यामुळे तो शाफ्ट सोडवला की हँडब्रेक निरुपयोगी होतो. तसेच मागचे एकच चाक जॅकवर उचलले, तर शाफ्ट अडवलेला असूनही डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरू शकते व जमिनीवरील चाक पुढे सरकते. गाडी जॅकवरून घसरण्याचे हे एक कारण आहे. गाडी गिअरमध्ये ठेवल्यानेही हा धोका टळत नाही. म्हणून सपाट जमीन, जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके आणि सांगाड्याखाली भक्कम स्टँड, एवढी सिद्धता झाल्याशिवाय कुणीही गाडीखाली जाऊ नये. नुसत्या जॅकवर किंवा रचलेल्या विटांवर विसंबू नये.

प्रथम थांबणे, मग चालणे

इंजिन सुरू झाल्याचा आनंद मोठा असतो; पण पहिला हात ब्रेकला लागला पाहिजे. जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि चारही चाकांकडे जाणारे ब्रेक ऑइल एकाच मास्टर सिलिंडरमधून एकाच मार्गाने जाते. आजच्या मोटारींत हा मार्ग दुहेरी असतो. एक निकामी झाला तरी दुसरा थोडाबहुत साथ देतो. येथे एका चाकाची नळी फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक जातात.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतात. शिवाय घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल अचानक मऊ पडते. म्हणून दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीचे जुने ऑइल पूर्ण काढावे, मास्टर सिलिंडर व चारही चाकांचे सिलिंडर उघडून पाहावेत, खड्डे पडले असल्यास बदलावेत आणि सर्व रबरी नळ्या नव्या घालाव्यात. ब्रेकच्या मार्गात इंजिन ऑइल कधीही घालू नये; त्याने रबर फुगते. काम झाल्यावर पेडल दाबून मिनिटभर तसेच धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे असे समजावे.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

यानंतर स्टिअरिंग. पुढचे चाक वर उचलून वरून-खालून हलवावे. खडखडत असेल तर बेअरिंग किंवा किंगपिन झिजलेला असतो. या जीपमध्ये स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत पोहोचवणारा ‘बेल क्रँक’ नावाचा भागही हमखास झिजतो. वेगात पुढची चाके थरथरू लागली, तर अनेक जण केवळ टायर बदलतात. दोष मात्र या सांध्यांत असतो.

इंजिन: आधी निदान, मग सुटे भाग

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने सावकाश फिरवावे. पुढील हँडलने फिरवताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीत दांड्याभोवती वळवू नये. इंजिनाने उलटा झटका दिला, तर अंगठा किंवा मनगट मोडते.

इंजिन फिरू लागल्यावर कंप्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून वहीत लिहावा. एखाद्याचा दाब कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावा. दाब वाढला, तर झीज पिस्टन रिंगची. वाढला नाही, तर शंका वॉल्व्हवर घ्यावी. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकाच वेळी कमी असेल, तर त्यांच्यामधील हेड गॅसकेट जळाले असण्याची शक्यता मोठी. धूरही बोलतो: निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे आणि गरम इंजिनातूनही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे. दहा मिनिटांची ही परीक्षा न करता इंजिन खोलले, तर अनावश्यक खर्च अटळ असतो.

गाडी चालू झाल्यावर आणखी एक पथ्य पाळावे. या जीपमध्ये पुढील व मागील चाकांच्या मध्ये वेगाचा फरक सामावून घेणारी यंत्रणा नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. चिखलात चाके थोडी घसरून तो ताण निघून जातो; डांबरी रस्त्यावर तो गिअर व शाफ्टवर साचतो आणि त्यांना मोडतो. म्हणून पुढील चाकांची जोड केवळ चिखल, वाळू व खडकाळ वाटेपुरतीच वापरावी.

आपण काय करू नये

सर्व काही स्वतः करणे म्हणजे स्वावलंबन नव्हे; आपल्या हाताची मर्यादा ओळखणे हाही त्याचाच भाग आहे. वजन पेलणाऱ्या सांगाड्याचे वेल्डिंग जाणत्या वेल्डरकडूनच करून घ्यावे. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली, तरी तिच्यात वाफ शिल्लक असते आणि वेल्डिंगच्या ठिणगीने ती स्फोट घडवते. म्हणून तिला घरी झाळ लावू नये. सिलिंडर बोअर करणे, क्रँकशाफ्ट घासणे ही कामे लेथ व ग्राइंडिंग मशीन असलेल्या कारखान्यातच होतात. ब्रेकचे काम घरी केले, तरी रस्त्यावर जाण्यापूर्वी अनुभवी मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. त्या मिस्त्रीकडे कदाचित प्रमाणपत्र नसेल. पण आवाजावरून दोष ओळखणारे त्याचे कान हीदेखील विद्याच आहे. त्याच्यासमोर वही उघडून बसण्यात पदवीधराला कमीपणा वाटू नये.

रंग सर्वांत शेवटी. गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर रंग मारला, तर दोन पावसाळ्यांत फुगवटे येतात. गंज पूर्ण खरवडून, छिद्रे नव्या पत्र्याने बुजवून, प्रायमर लावून मगच रंग द्यावा.

ज्या घरांत अशी गाडी उभी आहे, तेथील पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते: मुला-मुलींना पाने द्या, वेळ द्या, पण रंगाचे पैसे मागितले तर आधी ब्रेकची वही दाखवायला सांगा. चारही चाकांच्या सिलिंडरांची, नळ्यांची आणि ऑइलची नोंद त्यात तारखेसह असेल, तर रंग कोणता द्यायचा हे त्यांना खुशाल ठरवू द्या.